बाप्तिस्मा: अर्थ आणि आवश्यकता

ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात बाप्तिस्मा एकदाच होतो. पाणी, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाचा उच्चार आणि विधी करणाऱ्या दुसऱ्या कोणाचा तरी हात, एवढ्यावर तो पुरा होतो. कुठे नदीत किंवा हौदात पूर्ण बुडवतात, कुठे बाप्तिस्माकुंडापाशी बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओततात, कुठे नुसते शिंपडतात. मराठी कॅथलिक त्याला स्नानसंस्कार म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा हाच शब्द रुळला आहे. काही मिनिटांच्या या कृतीपायी माणसांनी घरदार सोडले आहे, आणि एके काळी युरोपात जीवही गमावले आहेत. तारणासाठी हे पाणी अपरिहार्य आहे, की विश्वासाने आधीच मिळालेल्या तारणाची ती खूण आहे, या प्रश्नावर ख्रिस्ती पंथ आजही विभागलेले आहेत. हा प्रश्न सुटा काढून घेतला की उत्तर कोरडे होते. बाप्तिस्म्यात काय घडते असे मंडळी मानत आली, हे आधी पाहिले तर त्याची गरज कोणत्या अर्थाने आहे तेही उलगडत जाते.

पाण्याने शुद्ध होण्याची कल्पना ख्रिस्ती धर्माने नव्याने आणलेली नाही. लेवीयच्या पुस्तकात शुद्धीकरणाच्या स्नानांचे नियम आहेत. पहिल्या शतकातील यरुशलेमेत मंदिराच्या परिसरात खडकात खोदलेली स्नानकुंडे होती, आणि मृत समुद्राकाठच्या कुम्रान वसाहतीतही अशी कुंडे सापडली आहेत. ही स्नाने पुन्हापुन्हा करायची असत आणि ज्याची त्याने करायची असत. यार्देनेच्या काठी उभ्या राहिलेल्या योहानाने या दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. त्याचा बाप्तिस्मा येणाऱ्या न्यायाच्या तयारीसाठी होता आणि तो योहानाच्या हातून घ्यावा लागे. आपण अब्राहामाचे वंशज आहोत एवढ्या भांडवलावर कोणी निर्धास्त राहू नये, असे तो बजावत असे. ज्या नदीतून इस्राएल लोक वचनदत्त देशात शिरले होते, त्याच नदीत उतरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, असा या विधीचा रोख होता.

त्या रांगेत नासरेथचा येशू येऊन उभा राहिला. ज्याच्या ठायी पाप नाही असे मंडळी मानते, त्याने पश्चात्तापाचा बाप्तिस्मा का घ्यावा, ही अडचण पहिल्या पिढीलाच जाणवली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान स्वतःच हरकत घेतो आणि येशू त्याला राजी करतो. या प्रसंगाचा मंडळीने लावलेला अर्थ असा: येशूने पापी माणसांपासून अंतर राखले नाही, तो त्यांच्यात मिसळून उभा राहिला. पाण्यातून वर येताना आकाश उघडते, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आणि हा माझा प्रिय पुत्र अशी वाणी होते. पुढे येशू आपल्या मरणालाही बाप्तिस्माच म्हणतो. मार्क आणि लूक या दोघांनीही तसे उद्गार नोंदवले आहेत. यार्देनेपासून क्रूसापर्यंतची वाट अशी एकच आहे. ख्रिस्ती बाप्तिस्मा योहानाच्या बाप्तिस्म्यापेक्षा निराळा ठरतो तो यामुळे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हे सर्वांत खोल नेले. धुऊन निघणे हा अर्थ त्याला ठाऊक आहे, तरी तो तेथे थांबत नाही. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो, असे तो सांगतो. जुना माणूस मेला, त्याच्यावर पापाची सत्ता उरली नाही, आणि ख्रिस्त जसा उठवला गेला तसे या माणसालाही नव्या जीवनात चालायचे आहे. हे वाचले की पाण्यात पूर्ण बुडवण्याचा आग्रह काही मंडळ्या का धरतात ते कळते: खाली जाणे हे पुरणे आणि वर येणे हे पुनरुत्थान. गलतीकरांच्या पत्रात याला सामाजिक बाजू मिळते. बाप्तिस्म्याने सर्वांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे, म्हणून यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद तेथे लागू होत नाहीत. इफिसकरांच्या पत्रात एक प्रभू आणि एक विश्वास यांच्या जोडीला एक बाप्तिस्मा येतो. म्हणजे हा विधी एकट्या जिवाचा देवाशी झालेला खाजगी करार नाही. त्यात माणूस एका देहाचा अवयव होतो, आणि ज्यांच्याशी त्याचे रक्ताचे वा जातीचे नाते नव्हते अशी माणसे त्याची भावंडे होतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बाप्तिस्म्याचे प्रसंग एकामागून एक येतात, आणि त्यांतील गोष्टींचा क्रम दर वेळी सारखा नसतो. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र लोकांना पश्चात्ताप करा, पापक्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, म्हणजे आत्म्याचे दान मिळेल, असे सांगतो. त्या दिवशी सुमारे ३,००० माणसे मंडळीत आली. शोमरोनात मात्र लोकांचा बाप्तिस्मा होतो आणि पवित्र आत्मा नंतर, प्रेषितांनी हात ठेवल्यावर मिळतो. कैसरियात रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी याच्या नेमके उलट घडते. पेत्राचे बोलणे संपण्याआधीच आत्मा उतरतो, आणि मग यांना पाण्याची मनाई कोण करील, असे पेत्र विचारतो. कूशी षंढाला वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्मा हवासा वाटतो. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री सगळ्या घराण्यासह तो घेतो. कर्नेल्याचा प्रसंग विशेष बोलका आहे. आत्मा मिळालाच आहे, तर आता पाणी कशाला, असे पेत्राच्या मनातही येत नाही. उलट आत्मा मिळाला म्हणूनच तो पाणी मागवतो. विश्वास, पश्चात्ताप, पाणी, आत्मा आणि मंडळी ही पहिल्या पिढीच्या दृष्टीने एकाच घटनेची अंगे होती. त्यांतले एक काढून बाकीची पुरतील का, ही विचारणा पुढच्या काळाची आहे.

ती विचारणा करणाऱ्यांना नव्या करारात दोन्ही बाजूंची वचने सापडतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला पाणी आणि आत्मा यांपासून जन्मण्याची अट सांगतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या जलप्रलयाचा दाखला देऊन बाप्तिस्मा तारतो असे स्पष्ट म्हटले आहे, आणि लगेच खुलासाही केला आहे की शरीराचा मळ जाणे हे त्याचे मर्म नव्हे. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील वचन विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यावर तारण ठेवते, परंतु दंड सांगताना फक्त अविश्वासाचे नाव घेते. हे वचन ज्या उताऱ्यात आहे तो सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूला क्रूसावरचा चोर आहे. त्याला बाप्तिस्म्याची संधीच नव्हती, तरी त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. करिंथमध्ये गट पडले तेव्हा पौलाने आपण तेथे मोजक्याच लोकांचा बाप्तिस्मा केला याबद्दल देवाचे आभार मानले, आणि ख्रिस्ताने आपल्याला सुवार्ता सांगायला पाठवले आहे असे लिहिले. ही वचने एकमेकांवर फेकून मारण्यात अर्थ नाही. चोराचे उदाहरण अडलेल्या माणसाला आधार देते. ज्याच्यासमोर पाणी आहे त्याला ते सवलत देत नाही.

प्रेषितांनंतरच्या मंडळीने हा विधी किती गांभीर्याने घेतला याची साक्ष जुन्या लेखनात आहे. ‘डिडाखे’ ही पुस्तिका पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिली गेली असावी. वाहते पाणी असावे. नसल्यास दुसरे चालेल. थंड नसल्यास ऊन. आणि दोन्ही नसल्यास डोक्यावर तीनदा ओतावे, असे ती सांगते. बुडवणे की ओतणे या वादावर इतका जुना आणि इतका समंजस शब्द दुसरा नाही. सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील एका घराचे चर्चमध्ये केलेले रूपांतर उत्खननात सापडले. त्यात बाप्तिस्म्याची वेगळी खोली होती आणि तिच्या भिंतींवर उत्तम मेंढपाळाचे आणि विहिरीवरच्या स्त्रीचे चित्र होते. हिप्पोलितच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात तीन वर्षांच्या पूर्वशिक्षणाची अपेक्षा दिसते. उमेदवाराच्या वागणुकीची चौकशी होई आणि पाण्यात उभे राहून त्याला विश्वासाच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यावे लागे. पुढे हे स्नान ईस्टरच्या रात्रजागराशी जोडले गेले. ३८७ मध्ये मिलानला बिशप अँब्रोजच्या हातून ईश्वरविद ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला तो त्याच रात्री.

बाप्तिस्म्याने सर्व पापे धुतली जातात आणि तो पुन्हा घेता येत नाही, या श्रद्धेतून चौथ्या शतकात एक विपरीत चाल पडली. लोक तो लांबणीवर टाकू लागले. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. अँब्रोज ३७४ मध्ये बिशप म्हणून निवडला गेला तेव्हा त्याचाही झालेला नव्हता. ज्या कृतीने नवे आयुष्य सुरू व्हायचे ती आयुष्याच्या शेवटी ढकलली गेली. आवश्यकतेचा विचार अर्थापासून तुटला की काय होते याचा हा ठळक नमुना. त्याआधी छळाच्या दिवसांत वेगळाच पेच पडला होता. बाप्तिस्मा होण्याआधीच हुतात्मा झालेल्या उमेदवाराचे काय? मंडळीने त्याच्या रक्तालाच बाप्तिस्मा मानले. पुढे, मनापासून इच्छा होती पण मरणाने गाठले, अशांसाठी इच्छेच्या बाप्तिस्म्याची कल्पना रुजली. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्तेफन यांच्यात २५५–२५६ च्या सुमारास वाद झाला तो पाखंडी गटांनी दिलेल्या बाप्तिस्म्यावर. सिप्रियनला तो पोकळ वाटे. स्तेफनच्या मते तो पुन्हा देण्याचे कारण नव्हते. अपात्र सेवकाचे संस्कार व्यर्थ मानणाऱ्या दोनातिस्त गटाशी झालेल्या वादात ऑगस्टीनने स्तेफनच्या बाजूला भक्कम तात्त्विक पाया दिला: बाप्तिस्मा देणारा खरोखर ख्रिस्तच असतो, म्हणून सेवकाच्या लायकीवर तो अवलंबून नसतो. कॅथलिक चर्च आणीबाणीच्या वेळी कोणाही माणसाला, अगदी बाप्तिस्मा न झालेल्यालाही, योग्य हेतूने हा विधी करण्याची मुभा देते, ती याच विचारातून.

बालबाप्तिस्म्याचा प्रश्न सर्वांत भावनिक आहे. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनने मुलांच्या बाबतीत थांबावे असा सल्ला दिला. त्यावरून मुलांचा बाप्तिस्मा तेव्हा होत होता हेही कळते. सिप्रियनच्या काळात आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असा निर्णय झाला. मूळ पाप नाकारणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना ऑगस्टीनने मूळ पापाच्या सिद्धांतावर भर दिला आणि बाप्तिस्म्याविना दगावलेल्या अर्भकांसाठी त्याला आशेची जागा ठेवता आली नाही. मध्ययुगीन पंडितांनी त्यांच्यासाठी यातनारहित अशा ‘लिंबो’ची कल्पना केली. ती चर्चचा अधिकृत सिद्धांत कधी झाली नाही, पण शतकानुशतके मुले गमावलेल्या आयांच्या मनावर तिचे सावट राहिले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असे प्रतिपादन केले. देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, ही कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाची भूमिका त्यामागे आहे. इतक्या उशिरा का होईना, हे स्पष्टपणे सांगितले गेले हे फार बरे झाले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाळाला तीनदा बुडवतात, लगेच पवित्र तेलाचा अभ्यंग करतात आणि ख्रिस्तशरीरही देतात; तेथे विधीचे हे तुकडे कधी वेगळे झालेच नाहीत.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरने बालबाप्तिस्मा कायम ठेवला. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक म्हटला आहे. झ्यूरिखच्या झ्विंग्लीला पाण्यात स्वतःची शक्ती दिसत नव्हती. त्याने तो सुंतेप्रमाणे कराराची खूण मानला आणि म्हणूनच मुलांना द्यावा असे सांगितले. त्याच्याच काही शिष्यांना हे पटले नाही. खूण जर विश्वासाची, तर विश्वास नसलेल्या अर्भकाला ती कशी द्यायची? २१ जानेवारी १५२५ रोजी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला आणि पुनर्बाप्तिस्मावादी चळवळ सुरू झाली. सरकारी चर्च आणि नागरिकत्व एकच असलेल्या शहरात हे बंड होते. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यातील फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारले. पाण्याच्या विधीवरून पाण्यातच देहदंड देण्याची ही क्रूरता ख्रिस्ती इतिहासावरचा कलंक आहे. १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅमला इंग्रज निर्वासित जॉन स्मिथने योग्य सेवक सापडत नाही म्हणून स्वतःलाच बाप्तिस्मा दिला. पुढे त्यालाच ते चुकीचे वाटले. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून स्वीकारायचा असतो, ही जाणीव बॅप्टिस्ट परंपरेच्या आरंभीच अशी ठसली.

कॅथलिकांच्या त्रेंत परिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक आहे असे म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत त्याची उपेक्षा मोठे पाप मानले आहे, पण त्याविना कोणी तरूच शकत नाही असे म्हटलेले नाही. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी पाण्याचा विधी करतच नाहीत. काही पेंटेकॉस्टल गट केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. १९८२ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे तयार झालेल्या दस्तऐवजात निरनिराळ्या परंपरांच्या ईश्वरविदांनी एकमेकांच्या बाप्तिस्म्याचा मान राखावा आणि पुनर्बाप्तिस्मा टाळावा, असे आवाहन केले.

या प्रश्नाच्या साऱ्या छटा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रत्यक्ष अनुभवल्या गेल्या. मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. तेथून तो दक्षिणेकडील मच्छीमारांच्या किनाऱ्यावर गेला. बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकून जातात, असे त्याने १५४४ मधील पत्रात लिहिले. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात सोळाव्या शतकात सामुदायिक बाप्तिस्मे झाले. त्यांत राजसत्तेचा दबाव आणि प्रलोभन यांचा वाटा होता हे नाकारता येत नाही. नवे नाव आणि पोर्तुगीज आडनाव मिळाले, शिकवण मात्र मागाहून द्यावी लागली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले आणि १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ही या उणिवेतून जन्मलेली थोर मराठी कृती. पाणी आधी आणि समज नंतर, असा तो क्रम होता.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात क्रम उलटा झाला. येथे एकेक माणूस वाचून, वाद घालून, झुरून निर्णयापर्यंत येई. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री, १८५४ मध्ये बेळगावात बाबा पदमनजी यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताची शिकवण मनात मानणाऱ्याला समाज सोसून घेई. बाप्तिस्मा झाला की जात तुटे, पंगत तुटे, वारसाही धोक्यात येई. धर्मांतरामुळे मालमत्तेचा हक्क जाऊ नये म्हणून १८५० चा एकविसावा कायदा करावा लागला. पाण्याचा विधी म्हणजे केवळ बाह्य खूण, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. आजूबाजूच्या हिंदू आणि पारशी समाजाला या कृतीचा अर्थ अचूक कळला होता: माणूस एका देहातून दुसऱ्या देहात गेला.

दोन मराठी जीवने येथे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त भेटला तो काही वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मांडले. तरीही आधीचा बाप्तिस्मा त्यांच्या आयुष्यात वाया गेला असे म्हणता येणार नाही; त्याच वाटेने त्या पुढे गेल्या. कवी नारायण वामन टिळकांच्या बाबतीत विश्वास आधी आला. मनाने ख्रिस्ताचे झाल्यावर काही काळ ते थांबले, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यातून जो विरह सोसावा लागला आणि काही वर्षांनी त्या स्वतः या निर्णयाला कशा आल्या, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली. स्वतः एवढी किंमत मोजलेल्या माणसाने दार इतके रुंद उघडावे, याचे मोल वेगळे आहे. त्यांनी बाप्तिस्मा हलका मानला नव्हता. जातीतून तुटणे आणि पाश्चात्त्य वळणाच्या मिशनमध्ये सामील होणे हाच बाप्तिस्म्याचा अर्थ होऊन बसला होता; त्यांचा आक्षेप त्याला होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्या त्यात एकत्र आल्या. बालबाप्तिस्मा आणि कबुलीनंतरचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग एकाच चर्चमध्ये मान्य झाले. पहिल्या मार्गात मूल वाढल्यावर स्वतः विश्वासाची कबुली देते. दुसऱ्यात बाळाचे प्रथम समर्पण होते आणि बाप्तिस्मा पुढे. ज्या पाळकाच्या विवेकाला बालबाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर तो देण्याची सक्ती नाही. त्या कुटुंबासाठी दुसऱ्या पाळकाला बोलावता येते. सर्वांत अवघड प्रसंग उरतो तो लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि मोठेपणी, जागृत विश्वासाच्या भरात, पुन्हा पाण्यात उतरू पाहणाऱ्या माणसाचा. पेंटेकॉस्टल मंडळ्या त्याला तत्काळ पाण्यात नेतात, कारण त्यांच्या मते आधीचा बाप्तिस्मा झालेलाच नसतो. जुन्या मंडळ्यांचे पाळक त्याला सांगतात की देवाने दिलेला शब्द पुन्हा द्यावा लागत नाही. ज्याचा अर्थ आता कळला, तो बाप्तिस्मा त्याचाच आहे.